बेळगाव सीमाभागातून पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करणारी ती पहिलीच व्यक्ती असते. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण तो सल्ला बहुधा पुण्यातल्या किंवा बेंगळुरूतल्या विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो. आपण कोणत्या राज्याचे, हा प्रश्न पुण्याच्या मुलाला अर्ज भरताना पडत नाही. आपल्याला तो पहिल्याच पानावर पडतो, आणि जागा, आरक्षण, शुल्क, शिष्यवृत्ती व दाखले हे सगळे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. विषय ठरलेला आहे असे गृहीत धरून पुढची कामे कोणत्या क्रमाने उरकावीत, ते येथे सांगितले आहे.

आधी दार ठरवावे

सीमाभागातील विद्यार्थ्यापुढे साधारणपणे चार दारे असतात, आणि प्रत्येक दाराशी त्याची ओळख वेगळी धरली जाते.

पहिले दार कर्नाटकाचे. बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये स्थापन झाले. त्याआधी बेळगावजवळच्या भूतरामनहट्टीच्या परिसरात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. येथील एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. यांचे अर्ज राज्याच्या यूयूसीएमएस या संगणकीय प्रणालीतून भरावे लागतात. एमबीए, एमसीए आणि एम.टेक. यांसाठी कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे केईए, पीजीसीईटी ही सामायिक प्रवेशपरीक्षा घेते. बेळगावातच मुख्यालय असलेल्या आणि १९९८ पासून चालू असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत याच मार्गाने जाता येते. या दारावर आपण सरळ कर्नाटकाचे रहिवासी असतो आणि नेहमीच्या कागदांपलीकडे काही सिद्ध करावे लागत नाही. बिदर किंवा भालकीच्या मित्राने राज्यघटनेच्या ३७१-जे या कलमाखालील सवलतीबद्दल सांगितले, तर ती सवलत कल्याण कर्नाटकातील जिल्ह्यांसाठी आहे आणि बेळगाव जिल्हा तिच्यात येत नाही, हे लक्षात ठेवावे.

दुसरे दार महाराष्ट्राचे, आणि सर्वांत जास्त गोंधळ याच दारावर होतो. येथे दोन वेगळ्या वाटा आहेत. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, जे १९६२ पासून आपल्याला सर्वांत जवळचे मराठी विद्यापीठ आहे, किंवा पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ आपल्या विभागांतील एम.ए., एम.एस्सी. यांचे प्रवेश स्वतःच्या नियमांनी आणि स्वतःच्या प्रवेशपरीक्षेने करते. त्या अर्जात आपण इतर विद्यापीठाचे, परराज्यातून आलेले विद्यार्थी ठरतो. एमबीए, एमसीए, अभियांत्रिकी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश मात्र महाराष्ट्राच्या राज्य सीईटी (सामायिक प्रवेशपरीक्षा) कक्षामार्फत होतात, आणि त्या कक्षाच्या नियमांत वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या व मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी ‘टाइप ई’ हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यासाठी दोन दाखले लागतात, एक सीमाभागातील वास्तव्याचा आणि दुसरा मातृभाषेचा. दोन्हींचे नमुने त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी छापलेले असतात, आणि दाखला त्याच नमुन्यात हवा असतो. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपले गाव कोणत्या नावाने आले आहे, तेही एकदा पाहून ठेवावे. ही तरतूद ठाऊक नसल्यामुळे अर्जात सरळ ‘महाराष्ट्राबाहेरील’ असे लिहून मोकळी झालेली मुले मी पाहिली आहेत. एकदा उमेदवारीचा प्रकार निश्चित झाला की तो बदलून घेणे फार कटकटीचे होते.

तिसरे दार गोव्याचे. चोर्ला घाट उतरून गेले की ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात मराठीचेही अध्यापन होते आणि प्रवेशासाठी त्याची स्वतःची गुणानुक्रम परीक्षा असते. खानापूरच्या पश्चिमेकडील गावांना हे विद्यापीठ धारवाडपेक्षा फारसे परके वाटू नये, तरीही त्याचा विचार फार थोडे विद्यार्थी करतात.

चौथे दार केंद्रीय संस्थांचे आहे, आणि माझ्या मते पहिला अर्ज याच दारावर करावा, कारण आरक्षणाची यादी सोडली तर येथे आपण कोणत्या राज्याचे हे कोणी विचारत नाही. दिल्ली, हैदराबाद, जेएनयू, कलबुर्गीजवळच्या कडगंचीचे कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ अशा अनेक ठिकाणी २०२२ मध्ये सुरू झालेल्या सीयूईटी-पीजी या एकाच सामायिक परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. विज्ञानाच्या पदवीधरांना आयआयटीतील एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा आहे आणि अभियंत्यांना एम.टेक.साठी गेट आहे. २०१६ पासून तर धारवाडलाही आयआयटी आहे. म्हणजे आयआयटी ही बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशी जागा झाली आहे, हे घरी सांगण्यासारखे आहे.

चारही दारांवर डझनभर अर्ज टाकण्यापेक्षा दोन दारे निवडून तेथील तीन-चार विभागांची माहिती नीट वाचावी. विभागात शिकवणारे कोण आहेत, त्यांचे काम कशावर आहे, वसतिगृह मिळते का, आणि आपल्या पदवीतील विषय तेथे पात्र धरले जातात का, एवढे पाहिले तरी निवड बरीच सोपी होते. कर्नाटकात २०२१ मध्ये चार वर्षांच्या पदवीची रचना आली आणि २०२४ मध्ये राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले. त्यामुळे मधल्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांनी आपली पदवी तीन वर्षांची आहे की चार वर्षांची ऑनर्स, हे अर्जात अचूक लिहावे. चार वर्षांच्या पदवीनंतर काही ठिकाणी पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षाचाही असतो.

नाव, गाव आणि दाखले

अर्ज नाकारले जाण्याची कारणे गुणांपेक्षा कागदांत जास्त सापडतात, आणि सीमाभागात तर एकाच माणसाचे नाव तीन लिप्यांतून फिरून आलेले असते. घरी मराठीत ज्योती, शाळेच्या कन्नड नोंदवहीत तेच नाव, आणि तेथून इंग्रजीत उतरवताना कर्नाटकाच्या रिवाजाप्रमाणे ‘टी’च्या पुढे ‘एच’. सुनीता, कीर्ती, प्रीती अशी सगळीच नावे या ‘एच’च्या तावडीत सापडतात. आधार कार्ड काढताना कोणी तो ‘एच’ गाळलेला असतो, आणि मग दहावीचे गुणपत्रक व आधार जुळत नाही. दुसरा घोळ नावाच्या क्रमाचा. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. काही गुणपत्रकांत आडनाव आधी येते, तर काहींत वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर.

माझ्या दहावीच्या गुणपत्रकावर असे आद्याक्षर होते आणि पदवीच्या गुणपत्रकावर पूर्ण नाव होते. सीमेपलीकडच्या एका विद्यापीठात पात्रता विभागाने ही दोन वेगळी माणसे असू शकतात अशी शंका काढली, आणि एका प्रतिज्ञापत्रासाठी मला दोन वेळा परत यावे लागले. म्हणून अंतिम वर्षाच्या सुरुवातीलाच दहावीचे गुणपत्रक, बारावीचे गुणपत्रक, पदवीची सर्व सत्रांची मार्क्स कार्डे, आधार आणि बँकेचे पासबुक एका टेबलावर मांडून नावाचे प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. फरक असेल तर दहावीचे गुणपत्रक प्रमाण धरून आधार दुरुस्त करावे. उलट दिशेने जाणे, म्हणजे परीक्षा मंडळाकडून दहावीची नोंद बदलून घेणे, हे वर्ष खाणारे काम आहे.

गावाच्या नावाचेही असेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे इंग्रजीतील अधिकृत नाव बदलले, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर ‘बेलगाम’ आणि नंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’ असते. ही चूक नव्हे, आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र करण्याची गरज सहसा पडत नाही. अर्जातील जिल्ह्यांच्या यादीत मात्र आजचेच नाव शोधावे.

जात व उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकाच्या महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, मिळतात आणि प्रत्येकावर आरडी क्रमांक असतो. हा क्रमांक कर्नाटकातील सर्व अर्जांत व शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर टाकावा लागतो, म्हणून तो वहीत लिहून ठेवावा. दाखला कन्नडमध्ये असेल तर कोल्हापूर किंवा दिल्लीच्या कार्यालयात तो वाचणारा कोणी नसतो. अर्ज करतानाच इंग्रजी दाखला मिळेल का ते विचारावे, आणि न मिळाल्यास नोटरीकडून प्रमाणित केलेले भाषांतर मूळ कागदाला जोडावे.

आरक्षणाबाबत एक गोष्ट स्पष्टपणे समजून घ्यावी. एका राज्यातील वर्गवारी दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गांच्या ३-बी गटात आहे. हे वर्गीकरण कर्नाटकापुरते आहे. महाराष्ट्रातील एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) किंवा कुणबी नोंदींच्या बातम्या वाचून आपल्या अर्जात तसा दावा करू नये. केंद्रीय संस्थांसाठी ओबीसींची यादी केंद्राची असते आणि ती राज्यवार असते. तीत कर्नाटकाच्या पानावर आपल्या जातीचे नाव आहे की नाही ते पाहावे. असेल तर केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रीमी लेयर दाखला काढावा. नसेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, या आरक्षणाच्या जमीन व घराविषयीच्या अटी वाचाव्यात. हे दोन्ही दाखले आर्थिक वर्षाशी बांधलेले असतात. जानेवारीत परीक्षेचा अर्ज भरताना काढलेला दाखला जूनमधील प्रवेशाच्या वेळी जुना ठरतो आणि एप्रिलनंतर नवा काढावा लागतो. निवड होऊनही एवढ्याशा कारणाने जागा गमावण्याची वेळ येते.

अर्ज स्वतः भरावा

गावातील ‘ग्रामवन’ या सरकारी सेवा केंद्रात किंवा कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत अर्ज भरून घेण्याची पद्धत रूढ आहे आणि इंटरनेट नीट नसेल तर तिला पर्यायही नसतो. तरी मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्यावा. घाईच्या दिवसांत दुकानदार आपला ईमेल टाकून मोकळा होतो, आणि तीन महिन्यांनी प्रवेशपत्र कोणत्या पत्त्यावर आले हे त्यालाही आठवत नाही. पासवर्ड आपल्या वहीत असावा. अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक पान आपण स्वतः वाचावे.

गुणांची टक्केवारी लिहिताना विशेष काळजी घ्यावी. सीजीपीएला दहाने गुणून टक्केवारी काढण्याची सवय पडली आहे, पण प्रत्येक विद्यापीठाचे आणि एकाच विद्यापीठातील प्रत्येक अभ्यासक्रम-रचनेचे सूत्र वेगळे असू शकते. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जुन्या रचनांत सीजीपीएतून ०.७५ वजा करून मग दहाने गुणत असत. आपल्या गुणपत्रकाच्या मागे छापलेले सूत्रच वापरावे. शेवटच्या सत्राचा निकाल लागला नसेल तर ‘निकाल प्रतीक्षेत’ हा पर्याय असतो. तेथे अंदाजाने गुण भरू नयेत.

वेळापत्रक दरवर्षी थोडे पुढेमागे होते, पण चाल ठरलेली आहे. गेटचे अर्ज ऑगस्टच्या अखेरीस आणि जॅमचे सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, व दोन्ही परीक्षा फेब्रुवारीत असतात. सीयूईटी-पीजीचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत आणि परीक्षा मार्चमध्ये असते. महाराष्ट्राच्या सीईटी उन्हाळ्यात होतात. कर्नाटकातील विद्यापीठांच्या अधिसूचना पदवीच्या निकालानंतर येतात. याचा अर्थ असा की, जो विद्यार्थी पदवीचा निकाल हाती आल्यावर चौकशीला निघतो, त्याच्यासाठी त्या वर्षी चारपैकी एकच दार उघडे राहिलेले असते.

उद्देशपत्र आणि शिफारसपत्र

राज्य विद्यापीठांत या दोन कागदांची फारशी गरज पडत नाही. मात्र अनेक खाजगी विद्यापीठे, संशोधन संस्था आणि परदेशी विद्यापीठे ती मागतात, आणि आपल्याकडील विद्यार्थी येथेच अडखळतात. इंटरनेटवरून उचललेले उद्देशपत्र, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, दोन ओळींत ओळखू येते: ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती’ असे त्याचे पहिले वाक्य असते.

मराठी माध्यमातून दहावी केलेल्या विद्यार्थ्याने पहिला मसुदा मराठीतच लिहावा, असे मी आग्रहाने सांगेन. इंग्रजीत विचार करू लागले की शब्द सापडतात तेवढेच लिहिले जाते आणि जे खरोखर सांगायचे असते ते राहून जाते. मसुद्यात तीन गोष्टी याव्यात: आपल्याला पडलेला एखादा नेमका प्रश्न, त्या दिशेने आपण आजवर केलेले काम, आणि त्याच विभागात जाऊन शिकण्याचे कारण. नेमका प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा, तिच्या आणि म्हादईच्या पाण्याचा वाद, निपाणीचा तंबाखू आणि विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी, उद्यमबागेतील फाउंड्र्या, मराठी शाळांतील पटसंख्या आणि एकाच वर्गात नांदणाऱ्या दोन भाषा, यांतील कोणत्याही एका गोष्टीवर भूगोलाचा, अर्थशास्त्राचा, अभियांत्रिकीचा किंवा भाषाशास्त्राचा विद्यार्थी जे पाहिले आहे ते लिहू शकतो. निपाणीच्या विद्यार्थ्याने वखारीत तंबाखूची प्रत कशी ठरते आणि दर कोण ठरवतो याचे वर्णन एका परिच्छेदात केले, तर तो परिच्छेद दुसऱ्या कोणाच्या अर्जात असणार नाही. मराठी मसुदा पक्का झाल्यावर तो इंग्रजीत साध्या, लहान वाक्यांत पुन्हा लिहावा आणि इंग्रजी जाणणाऱ्या एखाद्या शिक्षकाला केवळ व्याकरणासाठी दाखवावा.

शिफारसपत्राबाबत आपल्याकडे एक वाईट पद्धत आहे: सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ सरांचा वेळ वाचतो, पण सर्व पत्रांची भाषा उद्देशपत्रासारखीच झाल्याचे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, आणि अनेक संस्था आता पत्र थेट शिक्षकांच्या ईमेलवरून मागवतात. त्यापेक्षा मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी सरांना किंवा मॅडमना प्रत्यक्ष भेटावे. त्यांच्या विषयातील आपले गुण, त्यांच्याकडे केलेला प्रकल्प, वर्गात मांडलेला एखादा मुद्दा आणि अर्जाची अंतिम तारीख एवढे एका पानावर लिहून द्यावे, आणि पत्राची भाषा त्यांची त्यांना लिहू द्यावी. पदाने मोठ्या प्राचार्यांच्या चार ठरीव ओळींपेक्षा प्रयोगशाळेत आपल्याला दोन वर्षे पाहिलेल्या तरुण प्राध्यापिकेचे पत्र अधिक उपयोगी पडते.

परीक्षा आणि मुलाखत

सीयूईटी-पीजीत एका विषयपत्रिकेत ७५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. भाषाविषय सोडले तर पत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. म्हणून आपल्या विषयाच्या परिभाषेची मराठी-इंग्रजी अशी एक वही अंतिम वर्षभर चालवावी. मुलाखतीत इंग्रजी अडले तर तसे सांगून वाक्य पुन्हा सुरू करण्यात कमीपणा नाही. केंद्रीय संस्थांत काही वेळा हिंदीत बोलण्याचीही मुभा मिळते. ती आधी विचारून घ्यावी.

प्रवासाबद्दल एक सूचना बाहेरच्यांना विचित्र वाटेल, पण आपल्याला वाटणार नाही. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बस निपाणीजवळ थांबतात. २०२५ च्या फेब्रुवारीतही असे घडले. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमधील कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या काळात तर हे गृहीतच धरावे. कोल्हापूर किंवा पुण्याला परीक्षा असेल तर आदल्या दिवशी आणि शक्यतो रेल्वेने मिरजमार्गे जावे.

निकालानंतर

सीयूईटी-पीजीचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात निकालानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते आणि ती न केल्यास चांगले गुण असूनही नाव यादीत येत नाही. जॅमनंतरही आयआयटींसाठी स्वतंत्र प्रवेश-अर्ज असतो, आणि एनआयटींसाठी सीसीएमएन ही वेगळी समुपदेशन प्रक्रिया आहे. निकालाच्या आठवड्यात रोज ईमेल पाहावा.

दुसऱ्या विद्यापीठात जाताना आपल्या विद्यापीठाचे मायग्रेशन प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र लागते. मायग्रेशनचा अर्ज निकाल लागताच करावा, कारण पदवीचे तात्पुरते प्रमाणपत्र, म्हणजे पीडीसी, आणि मायग्रेशन या दोन्हींसाठी जूननंतर रांगा लागतात. गुणपत्रके डिजिलॉकरमध्ये उतरली आहेत का आणि एबीसी, म्हणजे शैक्षणिक श्रेयांकांचे, खाते आपल्या आधारशी जोडलेले आहे का, तेही तेव्हाच पाहावे.

शिष्यवृत्तीसाठी कर्नाटकात एसएसपी पोर्टल आहे आणि त्याला आधारशी जोडलेले बँक खाते लागते. महाराष्ट्रात प्रवेश घेतला म्हणून तेथील महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज करता येईल असे नाही. तेथील बहुतेक योजनांसाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतो. अनुसूचित जाती-जमातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मात्र विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी आहे त्या राज्याने द्यायची असते, मग तो कोठेही शिकत असो. कोल्हापूरच्या लिपिकाला ‘मी कर्नाटकाच्या योजनेतून अर्ज करणार आहे’ हे प्रवेशाच्या दिवशीच सांगावे आणि त्याच्याकडून बोनाफाइड प्रमाणपत्र घेऊन ठेवावे.

पहिली यादी लागल्यावर घाबरून मिळेल तेथे मूळ कागद देऊन बसू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच संस्थांना मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे आणि प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत करण्याच्या मुदतीही ठरवून दिल्या आहेत. कागद तपासून झाले की मूळ प्रती मागून घ्याव्यात, आणि शाळा सोडल्याचा दाखला द्यावाच लागला तर त्याच्या तीन साक्षांकित प्रती आधी काढून ठेवाव्यात.